तीन, तीन, तीन, एक : विदर्भाच्या गोलंदाजीची खोली

मार्च 2025 मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. त्या अंतिम सामन्याचा धावफलक दानिश मालेवारच्या 153 धावांसाठी लक्षात राहील, करुण नायरच्या 86 आणि 135 साठीही राहील. पण त्या धावफलकातला सर्वांत देखणा भाग माझ्या मते केरळच्या डावाखाली आहे, गोलंदाजांच्या नावांपुढे. दर्शन नळकांडे तीन, हर्ष दुबे तीन, पार्थ रेखडे तीन, यश ठाकूर एक. दहा बळींची अशी वाटणी फार वेळा पाहायला मिळत नाही. सात-आठ बळी घेणाऱ्या एकट्याचा पराक्रम डोळे दिपवतो, पण तो त्या दिवसापुरता असतो. तीन-तीन-तीन-एक या आकड्यांमागे मात्र अनेक वर्षांची घडण असते, कारण चौघांपैकी कोणालाही काढले तर डाव वेगळा वळला असता, आणि चौघांपैकी कोणा एकावर तो अवलंबूनही नव्हता.

नव्या हंगामाआधी संघाची चर्चा सुरू झाली की आपण नावे मोजतो. वेगवान इतके, फिरकीपटू इतके, राखीव इतके. नावांची यादी लांब असली म्हणजे गोलंदाजी खोल, असा आपला समज असतो. खरी खोली विहिरीसारखी असते, ती पावसाळ्यात मोजून कळत नाही, वैशाखात कळते. हुकमी गोलंदाज भारतीय संघाबरोबर परदेशी गेला, दुसऱ्याने दुसऱ्या राज्याची वाट धरली, तिसऱ्याची पाठ दुखावली, अशा वेळी चेंडू कोणाच्या हातात जातो आणि तो हात थरथरतो की नाही, एवढ्यावर खोली ठरते. विदर्भाच्या गेल्या काही हंगामांचा रस घ्यायचा तर या रिकाम्या जागांकडे पाहायला हवे. माझे म्हणणे एवढेच आहे की हा संघ मोठा झाला तो त्याच्या उत्तम गोलंदाजांमुळे जितका, तितकाच त्या गोलंदाजांच्या जागी उभ्या राहिलेल्यांमुळे.

हा विचार बेसबॉलमध्ये फार बारकाईने झाला आहे. तिथे सामन्याची सुरुवात करणारा पिचर रोज चेंडू टाकू शकत नाही. खांदा आणि कोपर यांवर येणारा ताण इतका असतो की एकदा उतरला की त्याला चार-पाच दिवस विश्रांती द्यावी लागते. म्हणून प्रत्येक संघ पाच पिचरांची पाळी लावतो. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये नियमित हंगामातच 162 सामने असतात आणि तेवढ्या काळात पाचही हात धड राहतील याची खात्री कोणी देत नाही. त्यामुळे हंगामाआधी तिथला जाणता रसिक पहिल्या पिचरची फारशी चिंता करत नाही. तो विचारतो, सहावा कोण, सातवा कोण, आणि तो आत्ता कुठे खेळतो आहे? रणजीत सामने कमी, पण साखळीतला प्रत्येक सामना चार दिवसांचा, बाद फेरीतला पाच दिवसांचा, मधली विश्रांती तुटपुंजी, आणि जेतेपदापर्यंत जायचे तर दहा सामने खेळायचे. हाच प्रश्न इथेही तितकाच खरा आहे.

विदर्भाने या प्रश्नाला दिलेले पहिले मोठे उत्तर 2017-18 च्या हंगामात सापडते. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत अंतिम फेरी पाहिली नव्हती. वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून आलेला उमेश यादव 2011 मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू ठरला. एवढ्या मोठ्या प्रदेशाची वेगवान गोलंदाजी म्हणजे जणू तो एकटाच, असे चित्र बरीच वर्षे होते. त्या हंगामात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने अवघ्या 5 धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात 68 धावांत 7 बळी घेतले ते रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाने. उमेश संघात असताना सामना वाचवणारा हात दुसऱ्याचा होता, इथे पहिली खूण पटते.

दुसरी खूण त्याहून बोलकी आहे. उमेश भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याची जागा रिकामी झाली. साठ वर्षांनी आलेला अंतिम सामना, समोर दिल्ली, आणि विदर्भाने चेंडू दिला तो अकोल्याच्या 19 वर्षांच्या आदित्य ठाकरेच्या हातात. प्रथम श्रेणीतला त्याचा हा पहिलाच सामना. त्याने दिल्लीच्या सलामीवीराला शून्यावर परत पाठवले. पुढे गुरबानीने 59 धावांत 6 बळी घेताना हॅटट्रिक साधली. एका षटकाचे शेवटचे दोन चेंडू आणि पुढच्या षटकाचा पहिला, तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत, आणि तिसरा होता 145 धावांवर रोवून उभा राहिलेला ध्रुव शोरी. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरी हॅटट्रिक. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी 1972-73 मध्ये मुंबईविरुद्ध घेतली होती.

या हॅटट्रिकची आठवण सारे काढतात, आणि काढावीच. पण तिच्या आधी ठाकरेने टाकलेली षटके वाचल्याशिवाय ती पुरी कळत नाही. एका टोकाला नवखा मुलगा असूनही दिल्लीला तिथून मोकळा श्वास मिळाला नाही, म्हणून दुसऱ्या टोकाचा गुरबानी आपल्या लयीत चेंडू टाकत राहिला. दुसऱ्या डावात काम फिरकीने केले. ऑफस्पिनर अक्षय वखरेने चार बळी घेतले, डावखुऱ्या आदित्य सरवटेने तीन. चार दिवसांत एकाच संघाने तीन प्रकारची हत्यारे काढली आणि तिन्ही धारदार निघाली.

पुढच्याच हंगामात या रचनेचा दुसरा पैलू दिसला. वायनाडच्या कृष्णगिरीत केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात उमेश परतला होता. त्याने 48 धावांत 7 आणि 31 धावांत 5 असे 12 बळी घेतले आणि सामना दुसऱ्याच दिवशी संपवला. पण नागपूरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध मैदान बदलले आणि नायकही बदलला. सरवटेने दोन्ही डावांत मिळून 11 बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारख्या भिंतीला त्याने दोनदा बाद केले, एकदा 1 धावेवर, एकदा शून्यावर. आठवड्याभरापूर्वी डोंगरातल्या हिरव्या खेळपट्टीवर वेग, आणि आता काळ्या मातीच्या पट्टीवर वळण. खेळपट्टी काय मागते हे पाहून ज्याचा दिवस त्याच्या हाती डाव सोपवण्याची चैन फक्त खोल गोलंदाजी असलेल्या कर्णधाराला परवडते, आणि फैज फजलला ती परवडत होती.

याच अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात विदर्भाच्या 312 धावांमध्ये एक नाबाद 73 आहे. ती खेळी यवतमाळ जिल्ह्यातल्या अक्षय कर्णेवारची. त्याच्यापाशी मला जास्त वेळ थांबायचे आहे, कारण गोलंदाजीची खोली ही कल्पना एका माणसाच्या देहात उतरलेली पाहायची असेल तर ती इथे दिसते.

पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. केळापूर तालुक्याचे ठिकाण, चारी बाजूंनी कपाशी, तेलंगणाची सीमा जवळ, नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर दूर. तिथला हा मुलगा सुरुवातीला उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा. फलंदाजी मात्र डाव्या हाताने करायचा आणि सीमारेषेवरून चेंडूही डाव्यानेच फेकायचा. त्याच्या प्रशिक्षकाच्या ते नजरेत भरले. फेकीत एवढा जोर असेल तर डाव्या हाताने गोलंदाजी का करू नये, असे त्याने सुचवले. मुलाने डावा हात घडवला आणि उजवाही सोडला नाही. पुढे डावा हाच त्याचा मुख्य हात झाला आणि उजवा गरजेला धावून येणारा राहिला.

हे वाचायला सोपे वाटते, करायला फार अवघड आहे. गोलंदाजी म्हणजे केवळ चेंडू सोडणारा हात नव्हे. धाव घेताना शेवटच्या उडीत देह कोणत्या बाजूला वळतो, पुढचा पाय कुठे पडतो, दुसरा हात किती उंच जाऊन कधी खाली ओढला जातो, कंबर कधी सुटते, डोके किती स्थिर राहते, या साऱ्याची एक साखळी असते आणि ती हजारो चेंडूंनंतर अंगात मुरते. दुसऱ्या हाताने टाकायचे म्हणजे ही सगळी साखळी आरशातल्यासारखी उलटी घडवायची. डाव्याने टाकताना उजव्या हाताने जे करायचे, ते उजव्याने टाकताना डाव्याला करावे लागते. टप्पा तर त्याहून नाजूक. एका हाताला सापडलेली लांबी दुसऱ्याला आपोआप सापडत नाही, ती पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते. नेट्समध्ये इतरांनी शंभर चेंडू टाकले तर दोन हातांच्या गोलंदाजाला त्याच वेळेत दोन गोलंदाज घडवायचे असतात.

मिळते काय? उजव्या फलंदाजाला डावखुरा फिरकीपटू चेंडू बाहेर काढतो, बॅटपासून दूर, स्लिपच्या दिशेने. तोच चेंडू डावखुऱ्या फलंदाजाला आत येतो आणि त्याला सोपा जातो. उजव्या हाताच्या ऑफस्पिनरचे नेमके उलटे. म्हणून खेळपट्टीवर डावी-उजवी जोडी उभी असली की कर्णधार चाचपडतो आणि प्रत्येक एकेरी धावेनंतर गणित फिरते. कर्णेवार असला तर हात बदलतो आणि चेंडू प्रत्येक वेळी बाहेरच जाऊ शकतो. सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात अध्यक्षीय संघाकडून त्याने हेच केले. उजव्या मार्कस स्टॉइनिसला डाव्या हाताने, डावखुऱ्या ट्रॅव्हिस हेडला उजव्या हाताने. क्रिकेटच्या कायद्याला यात काही वावगे वाटत नाही. हात बदलताना गोलंदाजाने पंचांना सांगायचे, पंच फलंदाजाला सांगतात. न सांगता बदलला तर नो-बॉल.

बेसबॉलमध्ये असाच एक माणूस होऊन गेला. पॅट व्हेंडिट दोन्ही हातांनी पिच करायचा आणि दोन्ही हातांत चढेल असा खास घडवलेला हातमोजा वापरायचा. 2008 मध्ये त्याच्या पहिल्याच व्यावसायिक सामन्यात समोर दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज आला. व्हेंडिटने हात बदलला की फलंदाज बाजू बदले, फलंदाजाने बाजू बदलली की व्हेंडिट हात बदले. खेळ काही मिनिटे अडला, आणि त्यातून नियम जन्माला आला की पिचरने आधी हात जाहीर करावा आणि तो फलंदाज असेपर्यंत, दुखापत नसेल तर, तोच ठेवावा. व्हेंडिट जून 2015 मध्ये ओकलंडकडून मोठ्या लीगमध्ये पोहोचला. क्रिकेट या बाबतीत अधिक उदार आहे. इथे पुढच्याच चेंडूला हात बदलता येतो, फक्त बोलून दाखवावे लागते. अशा उदार खेळात दोन हातांचे गोलंदाज इतके विरळ असावेत यावरूनच कर्णेवारच्या मेहनतीचे मोल कळते.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला तास 8 नोव्हेंबर 2021 चा. मंगलगिरीला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, 2 बळी. पुरुषांच्या ट्वेंटी-20 क्रिकेटमध्ये पूर्ण चार षटके एकही धाव न देता टाकणारा तो पहिला गोलंदाज ठरला. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध 5 धावांत 4 बळी आणि त्यात हॅटट्रिक. समोरचे संघ नवखे होते हे खरे, आणि रसिकाने ते लक्षात घ्यावे. तरीही चोवीस चेंडू हे चोवीस चेंडूच असतात. या प्रकारात फलंदाज आडवी बॅट फिरवायलाच आलेला असतो. कडेला लागून सुटलेली एक धाव, पायावरून सरकलेली एक धाव, एक वाइड, काहीही ते शून्य मोडू शकले असते. चोवीस वेळा टप्पा आणि दिशा एकही इंच ढळली नाही. या शून्यात मला दोन हात घडवण्याच्या शिस्तीचे फळ दिसते.

त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध शेवटच्या षटकात वर्ध्याच्या दर्शन नळकांडेने चार चेंडूंत चार बळी घेतले. विदर्भ तो सामना चार धावांनी हरला, म्हणून ते षटक थोडे मागे पडले. एका महिन्यात एकाच संघाच्या एका गोलंदाजाने शून्य धावांची चार षटके टाकावीत आणि दुसऱ्याने सलग चार बळी घ्यावेत, आणि दोघेही नागपूर शहराबाहेरच्या जिल्ह्यांतले असावेत, ही नोंद विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्याने ठळक अक्षरात करावी.

रसग्रहणात उणीवही सांगायची असते. 2023-24 चा अंतिम सामना विदर्भ वानखेडेवर 169 धावांनी हरला. पहिल्या डावात मुंबईची अवस्था 6 बाद 111 होती. तिथून शार्दूल ठाकूरच्या 75 धावांनी तिला 224 पर्यंत नेले. सहा बळी मिळवणाऱ्या हातांना शेपूट गुंडाळता आले नाही, आणि त्या शंभरएक धावा विदर्भाच्या 105 च्या डावानंतर डोंगराएवढ्या झाल्या. दुसऱ्या डावात मुंबईने 418 केल्या. त्यात एक तरुण डावखुरा फिरकीपटू दिवसभर राबून 144 धावांत 5 बळी घेत होता. नाव हर्ष दुबे. पराभवाच्या पानावरचा हा आकडा कोणी फारसा पाहिला नाही, पण पुढच्या हंगामाची नांदी तोच होता.

ऑक्टोबर 2024 मध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा विदर्भाच्या यादीत मोठी भगदाडे होती. 2018-19 च्या अंतिम सामन्याचा नायक सरवटे केरळकडे गेला होता. इंदूरची हॅटट्रिक घेणारा गुरबानी महाराष्ट्राकडे गेला होता. नावे मोजणाऱ्याने त्या दिवशी विदर्भाची खोली आटली असेच म्हटले असते. पुढे जे घडले ते रणजीच्या इतिहासात पूर्वी घडले नव्हते. दुबेने एका हंगामात 69 बळी घेतले. 1974-75 मध्ये बिशनसिंग बेदींनी घेतलेले 64 बळी कित्येक दशके शिखर मानले गेले होते, आणि बिहारच्या आशुतोष अमनने 2018-19 मध्ये केलेला 68 चा विक्रम दुबेने एका बळीने मागे टाकला. सरवटेच्या जागी आलेल्या गोलंदाजाने ही मजल मारावी, यापेक्षा खोलीचा ठळक पुरावा कोणता असणार?

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा मुंबई आली. पहिल्या डावात पार्थ रेखडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले. भारताच्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेली तीन नावे आणि सहा चेंडूंचे षटक. दुसऱ्या डावात हर्षने पाच बळी घेतले आणि विदर्भाने 80 धावांनी सामना जिंकला. वर्षापूर्वी निसटलेला सामना या वेळी सुटला नाही.

आणि मग जामठा. नळकांडेने नव्या चेंडूवर दोन्ही सलामीवीर काढले, केरळ 2 बाद 14. त्यानंतर केरळचा डाव सावरायला उभा राहिला तो आदित्य सरवटे. विदर्भाच्या मातीत वाढलेला, इथल्या फिरकीचा कण न् कण ओळखणारा. त्याने 79 धावा केल्या. यश ठाकूरने मधली भागीदारी तोडली, दुबेने मधली फळी कातरत नेली. कर्णधार सचिन बेबी 98 वर पोहोचला, केरळची नजर आघाडीवर होती, आणि रेखडेने त्याला बाद केले. तिथून डाव 342 वर संपला आणि विदर्भाला 37 धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिल्यावर करंडक ठरला तो त्याच आघाडीवर. त्या अकरांत कर्णेवारही होता. त्याच्या नावापुढे बळी नाही. पण दुबे आणि रेखडे हे दोघेही डावखुरे असताना गरज पडल्यास उजव्या हाताने ऑफस्पिन टाकू शकणारा माणूस संघात असणे, ही कर्णधार अक्षय वाडकरच्या हातातली अशी किल्ली होती जी धावफलकात दिसत नाही. नळकांडेने तर दुसऱ्या डावात नाबाद 51 धावाही केल्या. खोलीचा हा आणखी एक थर आहे. गोलंदाज बॅट धरू शकतो म्हणून संघाला एक गोलंदाज जास्त खेळवता येतो.

या सगळ्या वाचनातून कोणत्याही नव्या हंगामाआधी विचारायचे प्रश्न आपोआप हाती येतात. पहिला गोलंदाज किती चांगला आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तो भारतीय संघात गेला तर त्याच्या जागचा मुलगा आज कोणत्या मैदानावर, किती षटके टाकतो आहे? हरलेल्या सामन्यात सर्वांत जास्त राबलेला गोलंदाज कोण, आणि निवड समितीने त्याच्या कष्टाची दखल घेतली का? फिरकीचे सगळे हात एकाच बाजूचे तर नाहीत ना? शेवटच्या तीन फलंदाजांना बाद करण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले आहे का? या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा संघ दोन मोठी नावे गमावूनही उभा राहतो.

विदर्भाकडे ही उत्तरे आली ती एका रात्रीत नव्हे. सुब्रतो बॅनर्जींसारख्या प्रशिक्षकाने वेगवान मुले घडवली, चंद्रकांत पंडितांनी जिंकण्याची सवय लावली, आणि त्यामागे गावोगावच्या मैदानांवरची वर्षे होती. अकोला, वर्धा, वलनी, पांढरकवडा ही नावे संघाच्या यादीत येत राहिली. त्यामुळे पुढच्या हंगामाचा अंदाज घ्यायचा तर जामठ्याच्या नेट्सइतकेच लक्ष यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली इथल्या जिल्हा सामन्यांकडे द्यायला हवे. तिथे चांगली खेळपट्टी, पुरेसे सामने आणि मुलाच्या फेकीतला जोर ओळखणारा एक जाणता प्रशिक्षक असेल, तर विदर्भाच्या गोलंदाजीची खोली टिकेल. त्यांत कुचराई झाली, तर कितीही विक्रम नावावर असले तरी ती आटेल. म्हणून करंडकाच्या बक्षिसातला पहिला रुपया या जिल्ह्यांच्या मैदानांवर खर्च व्हावा, असे मला मनापासून वाटते.